पाठीतली बाबीन

हिंदुराव झोपला की चाळीतल्या बायका म्हणायच्या, घ्या, जॉबरसाहेबांची दुसरी मिल सुरू झाली. पहिल्या, सोलापुरातल्या खऱ्या मिलमध्ये तो रातपाळीला सूतखात्यात जॉबर होता, म्हणजे तीस कामगारांवरचा मुकादम. सकाळी पाळी सुटली की वाटेत हातभट्टीची अर्धी बाटली नरड्याखाली घालायचा, घरी येऊन शेंगाच्या चटणीबरोबर चार भाकरी हाणायचा आणि उघड्या अंगानं उताणा पडायचा. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. मानेचा घेर असा, की सदऱ्याचं वरचं बटण लग्नानंतर कधी लागलंच नाही. तो घोरायला लागला की छपराचा पत्रा वाजायचा.

मथुराबाईला त्या आवाजाचा राग नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात माणूस कशालाही सरावतो. तिला धास्ती होती ती आवाज बंद पडण्याची. ती चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि मागं घोरणं मधेच तुटायचं. छाती हलायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून काही यायचं नाही. ती हातातली भाकरी थापून पुरी करायची, तव्यावर टाकायची, वर पाणी फिरवायची, तरी श्वासाचा पत्ता नाही. मग एकदम बुडता माणूस वर यावा तसा तो धाप टाकून श्वास घ्यायचा आणि परत मिल सुरू. एका दुपारी असं किती वेळा होतं ते तिनं मोजलं होतं. चाळीसाला मोजणं सोडून दिलं.

खरं सांगायचं तर नवऱ्यावर तिचं प्रेम वगैरे काही उरलेलं नव्हतं. तो तिच्याशी चहा मागण्यापुरतं बोलायचा आणि ती त्याला चहा देण्यापुरतं उत्तर द्यायची. एकुलती मुलगी बार्शीला दिलेली, त्यामुळं भांडण सोडवायलाही घरात कोणी नव्हतं. पण पटत नाही म्हणून माणूस डोळ्यांदेखत गुदमरू द्यायचा, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. आणि आजार असा चमत्कारिक, की तो हिंदुरावचा असून दिसायचा फक्त तिला. हिंदुरावला विचाराल तर तो ठणठणीत. जागेपणी डोळे तांबडे, बोलता बोलता मान पडायची, पण गडी ठणठणीत.

घरात तिसरी होती ती सासू सोजरबाई, आणि ती भांडण सोडवणाऱ्यांतली नव्हती. तिच्यापुढं घोरण्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, कारण घोरणं ही त्या घराण्याची इस्टेट होती. तिचा नवरा रावजी कुंभारी गावात घोरायचा तो म्हणे वेशीपर्यंत ऐकू जायचा. आणि हा रावजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी झोपला तो उठलाच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही, कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. असं मरण पुण्यवानालाच येतं, असं सगळं कुंभारी बोललं आणि सोजरबाईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. चाळीत कुठंही मयत झालं की ती जाऊन बसायची आणि बायका रडून दमल्या की रावजीच्या मरणाची गोष्ट सांगायची. वीस वर्षं सांगत होती. पुण्यवानाची बायको म्हणून तिला मान होता, आणि तो मान ती दोन्ही हातांनी घ्यायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मिलमध्ये अपघात झाला. सूत कातायचं यंत्र, म्हणजे साचा, चालू असताना रहिमतुल्ला नावाच्या कामगाराचं बोट पट्ट्यात गेलं. तो साचा बंद करा म्हणून ओरडत होता आणि साचा बंद करायचा तो जॉबर चार हातांवर खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. रहिमतुल्लाचं बोट पेरातून गेलं. साहेबानं हिंदुरावला बोलावून सांगितलं, की आधी डॉक्टरचा कागद आण. पुन्हा झोपलेला दिसलास तर जॉबरकी गेली असं समज, बदली कामगारांबरोबर सकाळी गेटवर उभा राहा.

मिलनं ठरवून दिलेले डॉक्टर विरुपाक्ष हत्तुरे हे अक्कलकोटकडचे, वयानं तरणे, कानडी हेल काढून मराठी बोलणारे. त्यांनी हिंदुरावला तपासलं, मान टेपनं मोजली आणि काय होतं म्हणून विचारलं. हिंदुराव म्हणाला, काही होत नाही. मग डॉक्टरांनी प्रश्न मथुराबाईला विचारला. बावीस वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. भाकरी थापून होईपर्यंत श्वास येत नाही हे सांगितलं, ओठ काळे पडतात हे सांगितलं, अंथरूण कधी कधी ओलं होतं हेही सांगून टाकलं. हिंदुरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परक्या पुरुषापुढं बायकोनं आपलं अंथरूण उलगडून दाखवावं यापरतं दुसरं मरण त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, नरडं मिटतं त्याचा तो आवाज आहे. जागेपणी उघडं राहतं, झोपेत मिटतं, आणि मिटलं की मेंदू माणसाला क्षणभर उठवतो. झोपेतून शंभर वेळा उठलेला माणूस कामावर झोपणारच. या दुखण्याला नाव मिळूनही फार वर्षं झाली नाहीत. परदेशात फार बिघडलं की गळ्याला भोक पाडून नळी बसवतात. हे ऐकून हिंदुराव खुर्चीवरून उठला. डॉक्टरांनी त्याला हातानं खाली बसवलं. ते करायचं नाही म्हणाले. वजन उतरवायचं, दारू सोडायची आणि उताणं झोपायचं नाही. कुशीवर झोपलं तर नरडं बरंचसं उघडं राहतं. झोपेत माणूस आपोआप उताणा होतो, म्हणून बंडीच्या पाठीवर मधोमध खिसा शिवून त्यात काहीतरी टणक घालायचं. उताणं झालं की ते टोचेल आणि माणूस वळेल.

"घरात आणखी कुणाला असं होतं का?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

मामंजी झोपेतच गेले, असं मथुराबाईनं सांगितलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, मग त्यांनाही हेच असणार, आणि वेळेवर कुणी कुशीवर वळवलं असतं तर कदाचित वाचलेही असते. त्यांच्या दृष्टीनं ती कागदावरची एक ओळ होती. मथुराबाईनं मात्र ती ओळ घरी नेली. ती तिथंच टाकून आली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

चुलीत जाळायला हिंदुराव मिलमधून फुटक्या बाबिनी आणायचा. सूत गुंडाळायच्या लाकडी बाबिनी त्या, तडा गेला की मिल कवडीमोलानं कामगारांना द्यायची. त्यातली एक आखूड, जाडशी बाबीन तिनं निवडली, टोकं घासली, हाती आली ती लाल खणाची चिंधी गुंडाळली आणि पांढरा दोरा संपला होता म्हणून काळ्या दोऱ्यानं बंडीच्या पाठीत शिवून टाकली. हिंदुरावनं बंडी पाहिली आणि म्हणाला, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते ऐकलं होतं, आता आपलंही. तरी घातली. साहेबाची भीती होती.

चार दिवस घातली. त्या चार दिवसांत घोरणं निम्म्यावर आलं आणि मथुराबाईच्या भाकऱ्या मोजल्यावाचून झाल्या. चौथ्या रात्रीची पाळी करून तो सकाळी आला तेव्हा त्याचे डोळे पांढरे होते. त्यानं आपणहून सांगितलं, की रात्रभर एकदाही डुलकी आली नाही. पण ती तरतरी कशामुळं, हे त्याचं त्यानं ठरवून टाकलेलं होतं. आईनं सोमवारी सिद्धेश्वराचा अंगारा लावला होता, त्याचा गुण. बाबिनीमुळं तर उलट पाठ धरली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर माणूस आपल्याला हवा तो कावळा पाहतो. पाचव्या दिवशी त्यानं बंडी खुंटीला टांगली, पुन्हा उघड्या अंगानं उताणा पडला आणि पत्रा वाजू लागला.

मथुराबाई त्याच्या उशाशी जाऊन बंडी घाला म्हणाली. तो म्हणाला, "मरद मानूस घोरतो. माझा बाप घोरायचा. बाईच्या शिलाईवर जगायची पाळी माझ्यावर आली न्हाय अजून."

सोजरबाई दारात तांदूळ निवडत होती. तीही बोलली, की लेकरू रात्रभर राबून येतं आणि बायको पाठीत खुंट्या ठोकते. मथुराबाईचा तोल गेला. डॉक्टरांची ती ओळ जिभेवर कधीची येऊन बसली होती. "तुमचं मालक बी ह्येच्यानंच गेले," ती म्हणाली. "कुणी कुशीवर वळीवलं असतं तर वाचलं असतं. डॉक्टर म्हनला."

सोजरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. स्वतःची घागर वेगळी, स्वतःची भाकरी वेगळी. जाता-येता मथुराबाई भिंत असावी तसं तिच्याकडं पाहायची.

मग मथुराबाईनं एक मूर्खपणा केला. हट्टी बायका करतात तसलाच, मनापासून केलेला. पाऊस लागला होता, गारठ्यानं नवरा आता बंडी घालूनच झोपायचा, आणि त्याच्याकडं तीन बंड्या होत्या. पहिलीतली जाडी बाबीन काढून तिन्हींत तिनं चोरून बाबिनी शिवल्या, त्याच लाल चिंधीत, काळ्या दोऱ्यानं, पण या वेळी बारक्या, अस्तराच्या आत, वरून दिसू नयेत अशा. न्हाऊन केस वाळवत दारात बसली होती तेव्हा शिवल्या. तिला वाटलं, कळायच्या आत दोन-चार दिवस गाढ झोप मिळेल, मग त्याचं त्यालाच पटेल. तीन दिवस साधलं. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि सोजरबाई बंडी धुवायला घेऊन नळावर गेली.

तिच्या हाताला टणक लागलं. तिनं दातानं शिवण तोडली आणि आतलं काढून नळाच्या कट्ट्यावर ठेवलं. लाल चिंधी, काळा दोरा, आत लाकूड, आणि लाकडाला वेढा घालून बसलेला बाईचा एक लांब केस. कुणाच्या अंगावरच्या कपड्यात असलं काही निघालं, की त्याचा अर्थ सोलापुरात काय आणि कुंभारीत काय, शेंबड्या पोरालाही सांगावा लागत नाही. नळावरच्या बायका घागरी टाकून मागं सरल्या. शेजारची वच्छला, जिला मथुराबाईनं बाळंतपणात दीड महिना जेवण पुरवलं होतं, ती सगळ्यांत आधी बोलली. करणी आहे म्हणाली.

मथुराबाई धावत आली, डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून ओरडून ओरडून सांगू लागली. पण डॉक्टरनं सांगितलेलं चोरून कशाला शिवायचं, असं बायका विचारू लागल्या. लाल चिंधी का, काळा दोरा का, केस का, हेही विचारू लागल्या. साप साप म्हणून चाळ भुई धोपटत होती आणि भुईवर मथुराबाई होती. हिंदुराव झोपेतून उठून आला, कट्ट्यावरची बाबीन पाहिली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डोळे मिटतात, मान पडते, रहिमतुल्लाचं बोट गेलं, अंथरूण ओलं होतं. इतके दिवस त्याला काही झालंच नव्हतं. आता एका झटक्यात सगळं झालं, आणि ते कुणी केलं तेही समोर उभं होतं. त्यानं तिला दंडाला धरून चाळीबाहेर काढलं. चपला मागून कुणीतरी फेकल्या.

माढ्याला तिचा भाऊ आप्पा होता. त्यानं ठेवून घेतलं, पण करणीची गोष्ट एस.टी.च्या आधी पोचते. भावजय तिला स्वयंपाकाला हात लावू देईना. गोठ्याजवळच्या पडवीत बसून मथुराबाई शेंगा फोडायची आणि मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालायची. मरू दे म्हणायची. आणि दुपार झाली, की कुठून तरी भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि ती शेंगा टाकून मोजायला लागायची.

एकविसाव्या दिवशी सोजरबाई आली. एकटी. पडवीत येऊन बसली, पाणी मागितलं आणि मथुराबाईनं दिलेलं पाणी प्याली. महिन्याभरात पहिल्यांदा.

हिंदुराव पुन्हा झोपला होता, मिलमध्ये, साहेबाच्या देखत. जॉबरकी गेली. आता तो सकाळी गेटवर बदली कामगारांच्या रांगेत उभा असतो, दहा दिवसांत दोनदा काम मिळतं, बाकी दिवस दारू आणि झोप. सोजरबाई त्याच्याजवळ बसून असते. हे तिनं इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की मथुराबाईला आधी वाटलं ती दुसऱ्याच कुणाच्या लेकाबद्दल बोलते आहे.

"परवा थांबला," सोजरबाई म्हणाली. "लई वेळ थांबला. त्वांड काळं पडलं. म्या ढकलून कुशीला केला, तवा आला."

मथुराबाई म्हणाली, मग घाला की बंडी. सोजरबाई म्हणाली, सांगून पाहिलं. उशाशी बसून विनवलं. डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर येतो. बायकोनं जिच्यात करणी केली ती बंडी आई पुन्हा अंगात घालायला सांगते, म्हणजे आईलाही फूस लावली म्हणतो. तो डॉक्टरचं ऐकणार नाही. बायकोचं तर नाहीच. देवऋष्याचं ऐकेल. कुंभारीचा गुरप्पा करणी उतरवतो, हे त्याला ठाऊक आहे. गुरप्पानं बंडी मंतरून दिली, पाठीत उतारा बांधून दिला, अंगावरून काढली तर करणी उलटेल असं बजावलं, असं तिनं सांगितलं तर तो मरेपर्यंत काढणार नाही. गुरप्पाकडं जायचीसुद्धा गरज नाही. बंडी मथुराबाईनंच शिवायची. तिच्यासारखी घट्ट शिलाई म्हातारीला जमत नव्हती.

मथुराबाईला पुढचं कळायला थोडा वेळ लागला. उतारा असायचा तर करणी असायला हवी. करणी असायची तर ती करणारी असायला हवी.

"म्हंजी म्या केली म्हनून सांगायचं," ती म्हणाली.

सोजरबाईनं मान हलवली. चाळीसमोर कबूल करायचं, चुकलं म्हणायचं, मग सोजरबाई तिला घरात घेणार. मथुराबाईनं ताठ सांगितलं, की उलट सोजरबाईनंच चाळीला सांगावं, करणी नव्हती, आजार आहे, बापालाही हाच होता. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि तितकाच द्वेष होता, दोन्ही एकाच वेळी.

"ते मी सांगनार न्हाय," ती म्हणाली. "माझा मालक पुण्यानं गेला. तुला तुजा नवरा पायजे का नाव पायजे, तेवढं सांग. साडेचारची गाडी हाय."

मथुराबाईला त्या क्षणी म्हातारीच्या नरड्याला हात घालावासा वाटला, आणि हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही. कुणालाही वाटलं असतं. तिनं कोनाड्यातून सुई-दोरा काढला. बंडी सोजरबाईच्या पिशवीत होती आणि बाबीन तिनं कमरेला खोचून आणली होती, तीच, नळाच्या कट्ट्यावर ठेवलेली. मथुराबाईनं बंडी मांडीवर घेतली आणि गाडीच्या वेळेपर्यंत शिवत बसली. एकेक टाका दातानं ओढून घट्ट केला. दोघी एस.टी.त एकाच बाकावर बसून सोलापूरला आल्या.

चाळीच्या तोंडाशी सगळ्या बायका जमल्या होत्या. वच्छला पुढं. मथुराबाईला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि लिंबू उतरून टाकलं, पायांवर पाणी ओतलं. सोजरबाईनं विचारलं, केलंस का? ती म्हणाली, केलं. कशापायी, असं वच्छलानं मधेच विचारलं. हे ठरलेलं नव्हतं. मथुराबाईला खोटं सुचेना, म्हणून ती म्हणाली, "नवरा मुठीत ऱ्हावा म्हनून." बायका आपापसांत कुजबुजल्या. त्यांना ते लगेच पटलं. हिंदुराव दारात उभा होता. त्यानं आईच्या हातून बंडी घेतली, डोळ्यांना लावली आणि घातली.

त्यानंतर ती बंडी त्याच्या अंगावरून निघाली नाही. धुवायला निघायची तेवढ्यापुरती दुसरी, तीही सोजरबाईच्या हातून आलेली. पाठीला घट्टे पडले, पण तक्रारीचा शब्द नाही. बायकोची म्हणून घातलेली बाबीन मात्र चार दिवसांत असह्य झाली होती. गुरप्पानं दारू वर्ज्य सांगितली आहे, असं सोजरबाईनं स्वतःच्या अकलेनं जोडून दिलं, तर दारूही सुटली. दिवाळीपर्यंत अंग निम्मं उतरलं, गेटवरच्या रांगेतून तो पुन्हा साच्यावर गेला, आणि संक्रांतीच्या सुमाराला साहेबानं जॉबरकी परत दिली. कुशीवर झोपलेला हिंदुराव आता मांजरासारखा गुरगुरायचा. मथुराबाईच्या भाकऱ्या बिनमोजता होऊ लागल्या.

मिलच्या कागदासाठी एकदा पुन्हा हत्तुरे डॉक्टरांकडं जावं लागलं. डॉक्टरांनी पाठ चाचपली, बाबीन लागली तसे खूश झाले. म्हणाले, शंभरातले नव्वद लोक महिन्यात काढून टाकतात, तुम्ही टिकवलंत. हिंदुराव म्हणाला, "तुमचं न्हाय हे. तुमचं म्या कवाच फेकलं. ह्यो गुरप्पाचा उतारा हाय." डॉक्टरांनी मथुराबाईकडं पाहिलं. मागच्या खेपेला हीच बाई घडाघडा बोलली होती. या खेपेला तिला कोणी काही विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीत कुणी तिला बोलावलं नाही. वच्छला तिळगूळ घेऊन दारावरून गेली, तेव्हा तिनं पोराला पदराआड घेतलं. हिंदुराव ओट्यावर बसून चार लोकांत सांगायचा, की आईनं वाचवलं, नाहीतर घरातल्या घरात कारभार आटोपला होता. हे तो बायको आत भांडी घासत असताना सांगायचा, ऐकू जाईल अशा आवाजात. जीव वाचवल्याबद्दल तिला एवढंच मिळालं, आणि ते रोज मिळायचं.

फाल्गुनात चाळीत सिद्धम्माचा नवरा गेला. सहा महिने अंथरुणावर कुजून गेला. बायका रडून दमल्या. मथुराबाई भिंतीला लागून लांब बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा मोकळी. सिद्धम्मा नाक पुसत म्हणाली, माझ्या माणसानं कुठलं पाप केलं म्हणून असे हाल झाले. मग सगळ्यांच्या माना सवयीनं सोजरबाईकडं वळल्या. वच्छला म्हणाली, आजी, तुमचं मालक कसं गेलं ते सांगा, म्हणजे हिच्या जिवाला बरं वाटेल.

सोजरबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. वीस वर्षं तोंडपाठ असलेली गोष्ट तिला सुरू करता येईना. तिची नजर बायकांवरून फिरत फिरत भिंतीकडं गेली, मथुराबाईपाशी थांबली. माढ्याच्या पडवीतली ती विनवणी पुन्हा तिथं होती. तू सांग, असं म्हणत होती. एक वाक्य सांगायचं होतं, आमचे मामंजी पुण्यवान, झोपेत गेले. मथुराबाईनं त्याच म्हातारीसाठी याहून मोठं खोटं चाळीसमोर बोलून दाखवलं होतं.

"मी तवा तिथं न्हवते," मथुराबाई म्हणाली. "आत्याबाई जवळ हुत्या. त्यास्नीच इचारा."

सोजरबाई जमिनीकडं पाहत बोलली.

"म्या जवळच हुते. जागी हुते. रातध्याड घोरायचे, माजा डोळा लागायचा न्हाय. त्या दुपारी घोरनं थांबलं. म्हनलं, थांबलं एकदाचं, आता चार घटका पडू दे. मला बरं वाटलं. आन मग मला झोप लागली."

वच्छलाला वाटलं गोष्ट अजून बाकी आहे, म्हणून ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. सिद्धम्मा पुन्हा रडायला लागली आणि बायका तिच्याकडं वळल्या. चाळीनं त्या बोलण्याचा करणीशी काही संबंध लावला नाही. मथुराबाईच्या दोन्ही बाजूंची जागा तशीच मोकळी राहिली.

दोघी घरी निघाल्या. सोजरबाई पुढं, मथुराबाई मागं, मधे चार पावलांचं अंतर. दारापाशी म्हातारी थांबली. आत हिंदुराव झोपला होता आणि घोरण्याचा आवाज येत नव्हता. दोघी उंबऱ्यावर उभ्या राहून ऐकू लागल्या. मथुराबाई मनात भाकरी थापू लागली. म्हातारी काय मोजत होती ते तिचं तिला ठाऊक. मग आतून लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला, हिंदुराव कुशीवर वळला आणि त्याचा श्वास ऐकू आला.

सोजरबाई खाली उंबऱ्यावरच बसली. मथुराबाई तिला ओलांडून आत गेली आणि चूल पेटवायला बसली.